कीड व्यवस्थापनाचं अनुदान: सरकार नेमका कशाला पैसा देतं?

कापसाच्या किंवा तुरीच्या शेतात काठीला बांधलेला प्लास्टिकचा कामगंध सापळा आता कुणाला नवा नाही. बऱ्याचदा तो कृषी खात्याच्या एखाद्या योजनेतून आलेला असतो. पिशवीत चार-दोन वाळलेले पतंग असतात आणि आतली गंधाची गोळी कधी बदलायची होती ते कुणाच्या लक्षात नसतं. साहजिकच प्रश्न पडतो, की एवढ्याशा सापळ्यानं कीडनाशकांचा धोका कसा कमी होणार आणि सरकार त्यावर पैसे का घालतं?

सापळा कीड मारायला कमी आणि मोजायला जास्त लावलेला असतो, हे त्याचं थोडक्यात उत्तर. ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ या नावाखाली जाणारा सरकारी पैसाही मुख्यतः बघण्यासाठी, मोजण्यासाठी आणि वेळेवर सांगण्यासाठी असतो. शेतकऱ्याच्या खात्यात पडणारी रक्कम हा त्याचा सगळ्यात छोटा तुकडा.

आधी कल्पना. एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणजे फवारणीबंदी नाही आणि सेंद्रिय शेतीही नाही. रासायनिक औषध यात असतंच, फक्त त्याचा नंबर शेवटी लागतो. त्याआधी उन्हाळ्यात खोल नांगरट, वेळेवर पेरणी, पिकांची फेरपालट, पक्षी थांबे, पिवळे-निळे चिकट सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क, किडींना खाणारे मित्रकीटक असं बरंच काही येतं. या सगळ्याच्या मधोमध एक आकडा असतो, त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. शेतात कीड दिसली म्हणजे लगेच तोटा होतो असं नाही. किडीमुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाच्या वर जायला लागतं, तिथे ही पातळी येते. त्याच्या अलीकडे फवारलं तर पैसा, अंग आणि मित्रकीटक तिन्ही वाया जातात.

गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात हा विषय तिच्यामुळेच घरोघरी पोचला. पेरणीनंतर साधारण दीड महिन्यानं एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. आतल्या गोळीला मादीचा कृत्रिम गंध असतो, त्याला भुलून नर पतंग येतात. सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले तर पातळी ओलांडली. दुसरी तपासणी बोंडांची. शेतात फिरून वेगवेगळ्या वीस झाडांवरचं एकेक हिरवं बोंड तोडायचं आणि फोडून बघायचं. दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के प्रादुर्भाव झाला, आता उपाय हवाच. फुलांच्या दिवसांत डोमकळ्या (आत अळी असल्यानं न उमललेली, मिटलेली फुलं) दिसल्या तर त्या वेचून नष्ट करायच्या. बोंड बाहेरून धड दिसतं आणि आत अळी बसलेली असते, त्यामुळे फोडून बघितल्याशिवाय या किडीचा अंदाज येत नाही. बोंडाच्या आत गेलेल्या अळीला फवारा पोचतही नाही. म्हणून इथे वेळ चुकली की औषध कितीही महाग असलं तरी उपयोग नाही.

एवढं सगळं शेतकऱ्याच्याच फायद्याचं असेल तर सरकारनं पैसे का द्यावेत, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे.

एक म्हणजे कीड सात-बारा बघून येत नाही. मी फरदड (वेचणी झाल्यावरही शेतात ठेवलेली कपाशी) डिसेंबरपर्यंत काढून टाकली आणि शेजाऱ्यानं ती मार्चपर्यंत ठेवली, तर पुढच्या हंगामात बोंडअळी दोघांच्याही शेतात असते. माझ्या चांगल्या वागण्याचा फायदा गावाला, आणि शेजाऱ्याच्या चुकीचा तोटाही गावाला. अशा कामात एकट्याला खर्च करायला लावलं तर तो हात आखडता घेणारच.

दुसरं कारण विक्रीचं आहे. गावातल्या कृषी सेवा केंद्रात सल्ला फुकट मिळतो, पण तो बाटलीबरोबर मिळतो. ‘या आठवड्यात काहीच फवारू नका’ हा सल्ला देऊन कोणत्याही दुकानदाराचं घर चालत नाही. हा सल्ला द्यायला पगारी माणूस लागतो आणि तो सार्वजनिक पैशातूनच नेमावा लागतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कारण हेच, आणि सरकारी परिपत्रकांत ते कधी इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं नसतं.

तिसरं कारण यवतमाळ. 2017 च्या खरिपात या एका जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसं गेली आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यात फवारणीवर जाणारे शेतमजूर बरेच होते. त्या वर्षी पीक माणसाच्या डोक्याइतकं उंच आणि दाट झालं होतं, किडींचा जोर होता, बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदलून केलेल्या बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देत नव्हती. दोन-तीन औषधं एकत्र करून पेट्रोलच्या जोरदार पंपानं मारली जात होती. उंच पिकात शिरून फवारणाऱ्याच्या तोंडावर आणि अंगावर तो फवारा परत येत होता. यानंतर काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, संरक्षक किटचं वाटप झालं, सभा झाल्या. पण मास्क आणि हातमोजे हा धोका कमी करण्याचा शेवटचा उपाय आहे. विदर्भातल्या सप्टेंबरच्या दमट उन्हात तो पोशाख घालून दिवसभर कोण टिकेल? फवारणीची संख्याच कमी झाली तर धोका मुळातून घटतो. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचं अनुदान त्यासाठी आहे.

आता पैशाचा हिशोब. भारतात हे धोरण 1985 पासून पीक संरक्षणाचं अधिकृत तत्त्व आहे. 1991-92 मध्ये केंद्रानं कीड सर्वेक्षण, पीक संरक्षण आणि जैविक नियंत्रणाची आपली वेगवेगळी केंद्रं एकत्र करून केंद्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रं उभी केली. महाराष्ट्रात ती नागपूर आणि नाशिकला आहेत.

शेतकऱ्याला थेट मिळणाऱ्या मदतीचं ठळक उदाहरण फळबागांचं आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एकात्मिक कीड व अन्नद्रव्य व्यवस्थापनासाठी हेक्टरी 4,000 रुपये खर्च धरला होता. त्याच्या 30 टक्के, म्हणजे हेक्टरी जास्तीत जास्त 1,200 रुपये अनुदान, आणि तेही एका लाभार्थ्याला 4 हेक्टरपर्यंत. एकरावर आणलं तर हे 485 रुपयांच्या आसपास जातं. डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेत एका फवारणीचं औषध आणि मजुरी धरली तर एवढे पैसे एका सकाळीत उडतात. चार हेक्टरवाल्याला पूर्ण लाभ मिळाला तरी 4,800 रुपये. हे दर मधूनमधून सुधारले जातात, त्यामुळे चालू वर्षाचा आकडा तालुका कृषी अधिकारी कार्यालयातूनच घ्यावा. पण रकमेची जात यावरून कळते: बाग चालवायला पुरेल अशी ती नाही, सवय लावायला दिलेली आहे.

कडधान्यं, तेलबिया आणि कापसाच्या योजनांमध्ये पद्धत थोडी वेगळी असते. तिथे गावात सलग क्षेत्रावर पीक प्रात्यक्षिक घेतलं जातं आणि त्यात निवडलेल्या शेतकऱ्यांना बियाण्याबरोबर सापळे, गोळ्या, जैविक औषधं अशा निविष्ठा मिळतात. सलग क्षेत्र ही अट अनेकांना जाचक वाटते. पण गुलाबी बोंडअळी किंवा घाटेअळीच्या बाबतीत विखुरलेल्या दहा शेतांपेक्षा एकमेकांना लागून असलेली दहा शेतं कितीतरी जास्त उपयोगी पडतात. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावात 1998 पासून राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रानं कापसावर जो प्रयोग केला, त्यात अख्खं गाव हेच एकक धरलं होतं. पुढे ‘आष्टा’ हे नाव कापूस संशोधकांच्या तोंडी बसलं ते त्यामुळेच.

संस्थांसाठीची मदत मात्र दणदणीत आहे. त्याच 2014 च्या सूचनांत जैविक नियंत्रण प्रयोगशाळेचा खर्च 90 लाख रुपये धरला होता. सरकारी संस्थेला पूर्ण आणि खासगी उभारणीला निम्मा. पीक आरोग्य चिकित्सालयासाठी 25 लाखांचा खर्च याच प्रमाणात. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी या रकान्याकडे जेवढं लक्ष द्यायला हवं तेवढं दिलेलं दिसत नाही. गोदाम आणि ट्रॅक्टर बँक यांच्यापुढे ट्रायकोकार्ड बनवण्याची प्रयोगशाळा फारशी आकर्षक वाटत नसावी.

ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डाच्या आकाराचा एक पुठ्ठा. त्यावर धान्यातल्या पतंगाची साधारण वीस हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्या प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा नावाच्या अगदी बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. कार्डाचे तुकडे संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचायचे. माश्या बाहेर पडतात, बोंडअळीची अंडी शोधतात आणि त्यात आपली अंडी घालतात. अळी जन्मालाच येत नाही. अट एकच: कार्ड ताजं हवं आणि आसपासच्या दिवसांत रासायनिक फवारणी नको. त्यामुळे ते शेकडो किलोमीटर दूरच्या कारखान्यातून येण्यापेक्षा तालुक्यात तयार झालेलं बरं. सरकार प्रयोगशाळेला एवढा पैसा का देतं, त्याचं कारण या अटीत आहे.

मग येतो शेतकऱ्याला कधीच न दिसणारा खर्च. 2008 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीचा आणि इतर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. शेतंच्या शेतं जाळीसारखी झाली आणि सरकारला नुकसानीची मदत द्यावी लागली. कीड एका रात्रीत येत नाही, ती वाढत असते; फक्त कुणी बघत नव्हतं. त्यातून 2009-10 पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा पीक कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. पद्धत साधी आहे. गावागावांत काही ठरलेले आणि काही दर वेळी बदलणारे प्लॉट निवडायचे. हंगामात दर आठवड्याला तिथे जाऊन झाडं मोजायची, अळ्या मोजायच्या, सापळ्यातले पतंग मोजायचे आणि नोंद ऑनलाइन भरायची. कुठल्या तालुक्यात पातळी ओलांडली ते त्यावरून कळतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांतले तज्ज्ञ सल्ला तयार करतात आणि तो मोबाइलवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, कृषी सहायकांमार्फत गावात जातो. ज्या भागात कीड हाताबाहेर जाते तिथे औषध अनुदानावर पोचवण्याचीही सोय यात आहे. सोयाबीन, कापूस, भात, तूर, हरभरा यांच्यापासून सुरुवात झाली आणि नंतर फळपिकांसाठी ‘हॉर्टसॅप’ आला. केंद्रानंही 15 ऑगस्ट 2024 रोजी राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली. त्यात मोबाइलवर फोटो काढून किडीची ओळख पटवता येते.

माझा अनुभव असा, की शेतकरी या सल्ल्यांकडे ‘सरकारी मेसेज’ म्हणून बघतात आणि पुढे ढकलतात. पण दर आठवड्याला हजारो शेतांतली मोजणी विकत घ्यायची म्हटली तर कोणत्या शेतकऱ्याला परवडेल? अनुदानाचा सगळ्यात किमती भाग हाच आहे आणि त्यासाठी अर्जही करावा लागत नाही.

जैविक नियंत्रणात तर असे खर्च आहेत जे एकट्यादुकट्याला करताच येणार नाहीत. 2002 मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात पसरला. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता. शेवटी त्याला आवर घातला तो डिफा आणि मायक्रोमस या भक्षक किडींनी. त्या वाढवून, अळ्या असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडण्याचं काम संशोधन संस्था आणि साखर कारखान्यांनी केलं. पपईवरच्या पिठ्या ढेकणाची गोष्टही अशीच. 2008 मध्ये तो कोइम्बतूरजवळ आढळला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रापर्यंत आला. औषधं मारून लोक थकले. 2010 मध्ये बंगळुरूच्या सरकारी कीटक संशोधन संस्थेनं अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीनं प्वेर्तो रिकोहून त्याचा शत्रू असलेली इवलीशी परजीवी माशी आणली, वाढवली आणि फुकट वाटली. माशी स्थिरावली आणि ढेकूण आटोक्यात आला. या खर्चाची पावती कुठल्याही शेतकऱ्याच्या नावावर फाटलेली नाही.

सरकारी पैसा उलट दिशेनंही जातो, हेही सांगायला हवं. याचा गाजलेला धडा इंडोनेशियाचा. तिथे भातावरच्या कीडनाशकांवर सरकार जवळजवळ 80 टक्के अनुदान देत होतं. स्वस्त औषध म्हणून लोक भरपूर फवारत होते, त्यात कोळी आणि इतर मित्रकीटक मरत होते आणि तपकिरी तुडतुडे आणखी माजत होते. भंडारा-गोंदियाच्या भात उत्पादकांना हे तुडतुडे वेगळे सांगायला नकोत. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर 57 औषधांच्या वापराला बंदी घातली, पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदान पूर्ण बंद केलं आणि 1989 पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. आपल्याकडे आज ज्या शेतीशाळा भरतात त्यांचं मूळ तिथलं. शेतकऱ्यांनी आठवड्यातून एकदा शेतात जमायचं, झाड न्याहाळायचं, कागदावर एका बाजूला किडी आणि दुसऱ्या बाजूला मित्रकीटक काढायचे आणि फवारायचं की नाही ते स्वतः ठरवायचं. भाषण नाही, हार-तुरे नाहीत. निदान नसावेत.

आपल्याकडे चित्र मिश्र आहे. 2024 मध्ये कापूस-सोयाबीनच्या विशेष कृती योजनेतून राज्यानं बॅटरीवरचे फवारणी पंप 100 टक्के अनुदानावर दिले आणि अर्जांची झुंबड उडाली. बॅटरी पंप पेट्रोल पंपापेक्षा फवारणाऱ्यासाठी बरा, यात वाद नाही. तरी फवारायचं साधन पूर्ण फुकट आणि फवारणी टाळण्याच्या साधनाला हेक्टरी बाराशे, ही विसंगती डोळ्यांत भरते. करांच्या बाबतीत मात्र पाऊल बरोबर पडलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून ठरावीक जैविक कीडनाशकांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि रासायनिक औषधांवर तो 18 टक्केच राहिला. ही सवलत कोणत्याही अर्जाविना बिलात दिसायला हवी, तेव्हा निंबोळीयुक्त औषध किंवा ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया यांसारखं उपयोगी बुरशीचं औषध घेताना बिल जरूर बघा.

अर्जाचं सांगायचं तर महाराष्ट्रात वैयक्तिक लाभाच्या बहुतेक कृषी योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. शेतकरी ओळख क्रमांक आणि आधारला जोडलेलं बँक खातं आधी तयार ठेवा. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग खरेदी, मग जीएसटीचं बिल अपलोड, मग तपासणी आणि शेवटी खात्यात पैसे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. बरेच अर्ज इथेच अडकतात. प्रात्यक्षिकातल्या निविष्ठांसाठी मात्र पोर्टलपेक्षा गावच्या कृषी सहायकाशी (आता पदनाम सहायक कृषी अधिकारी) हंगामाआधी बोललेलं कामाला येतं, कारण गाव आणि गट आधीच निवडले जातात.

माल हातात आला की पुढच्या गोष्टी तपासा. गोळी पिकाची नसते, किडीची असते. गुलाबी बोंडअळीची वेगळी, घाटेअळीची वेगळी, लष्करी अळीची वेगळी. चुकीची गोळी लावलेला सापळा हंगामभर रिकामा राहतो आणि शेतकरी समजतो की कीडच नाही. गोळी पाकिटावर सांगितलेल्या मुदतीत बदला. जैविक औषधाच्या लेबलवर नोंदणी क्रमांक आणि अंतिम तारीख आहे का ते बघा. ‘सेंद्रिय टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, क्रमांक नसलेल्या बाटल्यांना ना अनुदान लागू होतं ना त्यांत काय आहे याची खात्री असते. जिवंत बुरशीचं औषध पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर ठेवलं तर त्यातली बुरशी मरते आणि उरते ती नुसती पावडर.

निर्यात करणाऱ्या बागायतदाराला यात आणखी एक पदर आहे. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीडनाशकाचे अंश सापडले आणि मोठी अडचण झाली. त्यानंतर अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यात संस्था आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं उर्वरित अंश तपासणीची यंत्रणा बसवली आणि 2006 पासून ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंदणी सुरू झाली. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे हे तिथे प्रयोगशाळेचा अहवालच विचारतो. नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले फवारणीची वही नेमानं ठेवतात ती त्यामुळे. गावच्या बाजारात वांगी किंवा भेंडी विकणाऱ्याला ही वही कुणी मागत नाही. स्थानिक भाजीपाल्यासाठी अशी बागनिहाय तपासणी अजून कुठल्याही योजनेत बसलेली नाही.